चौकट तशीच, नोंदणीपत्र गायब

ही गोष्ट १९८२ सालची. त्या वर्षी उपचार करणाऱ्यांची नोंदणी ठेवणाऱ्या परिषदेला एकाएकी जाग आली होती. इस्पितळाबाहेर, स्वतःच्या जागेत, स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णांवर उपचार करणाऱ्या प्रत्येकाकडे तपासनीस जाणार होता. दातवाले, चष्मेवाले, व्यायामोपचारवाले, कुणीही सुटणार नव्हतं. भिंतीवर नोंदणीपत्र दिसलं तर ठीक, नाहीतर तिथल्या तिथे दाराला सील. नोंदणीचा कायदा तसा बारा वर्षांचा जुना. पण तोवर तपासायला कुणी फिरकलंच नव्हतं. त्यामुळे गावातल्या बऱ्याच पांढऱ्या कोटांची झोप उडाली होती.

विमाबाईंची झोप मात्र शाबूत होती. त्यांच्या धंद्याला नोंदणी लागत नव्हती. आयुष्यभर त्यांनी विमा कंपनीत दाव्यांची चौकशी केली होती. आग लागली की लावली, पाय मोडला की मोडल्याचं सोंग घेतलं, हे शोधता शोधता केस पिकले. मग नोकरी सोडून त्यांनी घराच्या पुढच्या खोलीत टेबल मांडलं आणि ‘खासगी चौकशी’ अशी पाटी लावली. पाटी रंगवली होती त्यांच्या यजमानांनी. ते चित्रकलेचे निवृत्त शिक्षक. सगळे त्यांना मास्तर म्हणत. बाई कुठेही चौकशीला निघाल्या की मास्तर सोबत असायचेच. छत्री धरायला, असं ते म्हणत. खरं म्हणजे घरी एकट्याला करमत नसे.

त्या शनिवारी सकाळी मास्तर पेन्सिलींना टोक काढत बसले होते, तेव्हा दारात पन्नाशीच्या एक उंच बाई येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी ओळखलं. कोपऱ्यावरच्या व्यायामोपचार केंद्राच्या ताई. गेल्या वर्षी मास्तरांचा खांदा धरला होता, तो त्यांनीच सोडवला होता.

“बसा ताई. खांदा झकास आहे हो!” मास्तरांनी हात फिरवून दाखवला.

ताईंनी खांद्याकडे पाहिलंसुद्धा नाही. “माझं नोंदणीपत्र गेलं,” त्या म्हणाल्या.

विमाबाईंनी चष्मा वर केला. “हरवलं की चोरीला गेलं?”

“हरवलं असतं तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. बाई, कुणीतरी ते चौकटीतून काढलं आणि त्या जागी मानेच्या व्यायामांचा तक्ता लावला. काच बसवली, मागचे बारीक खिळे पुन्हा ठोकले आणि चौकट होती तशी टांगून ठेवली. काल सकाळी काकू पुसायला गेल्या तेव्हा कळलं.”

“काकू कोण?”

“माझ्याकडे मेणाच्या शेकाचं काम बघतात. रुग्णांच्या वेळाही त्याच लावतात.”

“आणि तपासनीस?”

“येत्या गुरुवारी. नोटीस आलीय.” ताईंनी पदराने कपाळ टिपलं. “माझ्याकडे एक गवंडी येतो. बांधकामाच्या परांचीवरून पडला होता. परवा पहिल्यांदा दांड्या धरून चार पावलं टाकली त्यानं. आता दार बंद झालं तर तो पुन्हा खाटेला खिळेल. आणि लोक काय म्हणतील? ज्या बाईनं त्या हाडजोड्याचं दुकान बंद पाडलं, तीच बिननोंदणीची निघाली!”

मास्तर ताठ बसले. “हाडजोड्या! अगं, हा बघ चोर. याच ताईंनी दोन वर्षांपूर्वी त्याची तक्रार केली होती. नोंदणी नसताना हाडं बसवतो, एका पोराचा हात वाकडा बसवला म्हणून. आता सायकलच्या दुकानात पंक्चर काढतो बिचारा. राग असणारच.”

“अहो, ताईंना बोलू द्या.”

ताई कसनुसं हसल्या. “दादा म्हणतो, एवढं काय घेऊन बसलीस. माझा मोठा भाऊ, छापखानेवाला. कायद्याची, कचेरीची सगळी कामं पहिल्यापासून तोच करतो. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. तो म्हणाला, आपण दुसरी प्रत मागवू. माझी पदविका मागितलीय, दोन फोटो आणि अर्जावर सही. बुधवारच्या आत मी स्वतः परिषदेत नेऊन देतो, म्हणाला. अर्जाची पावती दाखवली की तपासनीस काही करत नाही म्हणे.”

“दिलंत सगळं?”

“पदविका दिली. सही उद्या करायचीय. पण बाई, मला त्या कागदापेक्षा दुसरंच खातंय. माझ्या खोलीत जाणारी माणसं सगळी माझी आहेत. त्यांतलं कोण?”

“नोंदणीपत्राचा क्रमांक आठवतो?”

“पाठ आहे.” ताईंनी आकडे घडाघडा सांगितले. “कालपासून तो विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या.”

विमाबाईंनी क्रमांक लिहून घेतला. मग उगाचच बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

---

ताईंचं केंद्र म्हणजे दोन खोल्या आणि पुढे ओसरी. आतल्या खोलीत समांतर दांड्या, छताला कप्प्या, भिंतीशी वाळूच्या पिशव्या आणि कोपऱ्यात मेणाचं पातेलं. मेण वितळल्याचा उबदार वास खोलीभर भरून राहिलेला. दांड्यांमध्ये तो गवंडी उभा होता. दात-ओठ खाऊन पाऊल उचलत होता आणि प्रत्येक पावलाला स्वतःलाच एक शिवी हासडत होता.

“शिव्या नकोत, श्वास घ्या,” ताई म्हणाल्या आणि लगेच त्याच्या कमरेला हात देऊन उभ्या राहिल्या.

काकू बुटक्या, चटपटीत. विमाबाईंनी चौकट मागितली तर आधी फडकं फिरवूनच दिली.

“काचेवर बोट उमटलेलं मला खपत नाही,” त्या म्हणाल्या. “पण हे बघा ना, हे डाग जातच नाहीत. काल घासघास घासले. मग लक्षात आलं, डाग आतून आहेत. आणि मग नीट बघते तर काय, मानेचे व्यायाम!”

विमाबाईंनी काच उजेडाकडे धरली. आतल्या बाजूला चार-पाच तेलकट, धूसर ठसे होते. त्यांनी नखाने चौकटीची खाच खरवडली. नखाला पांढुरका कण लागला.

“मेण,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे मी?” काकूंचा आवाज चढला. “हात सदान्‌कदा मेणात असतात म्हणून?”

“मी काही म्हटलं का? मेण लावून घ्यायला कोण कोण येतं?”

“सध्या दोघंच. गुरुवारी दोघांचंही असतं. घरमालक आणि ताईंचे दादा. हात वितळलेल्या मेणात बुडवायचे, टॉवेलात गुंडाळून बसायचं, मग हातमोज्यासारखं मेण सोलून काढायचं. त्यात तेल असतं ना, नंतर तास-दोन तास हात तुळतुळीत राहतात. परवा गुरुवारी दोघांना टॉवेलात गुंडाळून मी जेवायला घरी गेले. ताई बाहेर रुग्ण बघायला गेल्या होत्या.”

“आणखी कुणी आलं होतं?”

“त्याच सकाळी ते इस्पितळवाले. सरकारी इस्पितळात ताईंचंच काम करतात ते. वाळूच्या पिशव्या उसन्या मागायला आले होते. मी जास्तीच्या पिशव्या आणायला मागे गेले तेवढा वेळ इथे एकटेच होते.” काकूंनी आवाज खाली आणला. “त्यांना स्वतःचं केंद्र काढायचंय. याच गल्लीत जागा बघतायत.”

मास्तरांनी बायकोला कोपराने ढोसलं. विमाबाईंनी दाद दिली नाही.

“काकू, ते नोंदणीपत्र दिसायला कसं होतं हो?”

“छान! जाड कागद, सोनेरी काठ, खाली लाल शिक्का. बाकी सगळं स्वच्छ. एक चिठोरं म्हणून चिकटवलेलं नाही. जसं आलं तसं कोरं करकरीत.”

ओसरीवर घरमालक खुर्चीत बसले होते. शर्टाची वरची दोन बटणं उघडी होती आणि स्वभाव त्याहून उघडा.

“चोरी? मी कशाला करू? जागा हवीय मला, हे खरं. मुलगा परत येतोय. पण मी तोंडावर सांगतो, पाठीमागून नाही.” ते ओरडले, “काकू! अहो काकू! बटण!”

काकू आतून आल्या आणि कुरकुरत त्यांची बटणं लावून गेल्या.

“बघितलंत? बोटं ही अशी.” त्यांनी गाठी आलेली, वाकलेली बोटं पुढे केली. “चहाचा कप दोन्ही हातांनी धरतो. तुमच्या ताईच्या मेणानं निदान ठणका तरी थांबतो.”

“गुरुवारी तुम्ही मेण लावून कुठे बसला होता?”

“इथेच. आत तो छापखानेवाला मेण सोलून खुडबुड करत होता. मला डुलकी लागली.”

---

इस्पितळवाले एका म्हाताऱ्याचा गुडघा वाकवत होते. गडी पस्तिशीचा, बोलायला फटकळ.

“ताईंचं नोंदणीपत्र? मी नेऊन काय करू, त्यावर माझं नाव खोडून लिहू?”

“त्यांचं केंद्र बंद पडलं तर तुमचं चालेल,” मास्तर म्हणाले.

“काका, या गावात इतके वाकडे गुडघे आहेत की दोन केंद्रं पुरायची नाहीत.” त्यांनी भिंतीकडे बोट दाखवलं. “ते बघा माझं. मीही बाहेरची नोंदणी कधीचीच करून ठेवलीय.”

मास्तर जवळ गेले. जाड कागद, सोनेरी काठ. पण खाली दोन रंगीत पट्ट्या चिकटवलेल्या, त्यांतली एक तिरकी. मास्तरांतला चित्रकार दुखावला. “शोभा घालवली हो. काय आहे हे?”

“नूतनीकरण. दर पाच वर्षांनी परिषदेचं स्मरणपत्र येतं, आपण कळवायचं, मग पट्टी येते. ती चिकटवायची. सगळ्यांनाच असतं.” ते हात पुसत म्हणाले, “आणि ताईंना सांगा, घाबरू नका. घर बदलताना माझंही हरवलं होतं. पोलिसांत खबर द्यायची, जुना क्रमांक कळवायचा, एक प्रतिज्ञापत्र. बस्स. दुसरी प्रत घरपोच. पदविकासुद्धा बघायला मागितली नाही कुणी. त्यांच्या दप्तरात नोंद असतेच की.”

बाहेर पडल्यावर मास्तर म्हणाले, “जरा जास्तच मदत करत होता. मला संशय येतो.”

“तुम्हाला मदत करणाऱ्याचाच का संशय येतो हो?”

“तुझ्याशी संसार करून शिकलो.”

विमाबाई हसल्या, पण त्यांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. मास्तरांना ते कळलं. उत्तर सापडत नसलं की बाई भराभर चालत. सापडलं आणि आवडलं नाही की पावलं मंद व्हायची. आज त्या अगदी रेंगाळत चालत होत्या.

छापखाना बाजारामागे होता. दादा साठीचे, शिडशिडीत, कानामागे पेन्सिल. बोलता बोलता त्यांची बोटं खणांतून अक्षरांचे शिशाचे खिळे वेचून ओळीत रचत होती. डोळे पाहुण्यांकडे आणि बोटं आपल्या कामात.

“हात छान चालतायत,” विमाबाई म्हणाल्या. “मग मेण कशाला?”

“आखडू नयेत म्हणून. आमच्या धंद्यात बोटं गेली की माणूस गेला.” दादांनी खुर्च्या पुढे ओढल्या. “धाकटी उगाच तुमच्याकडे धावली. सही केली की काम झालं. बुधवारच्या आत अर्ज पडला पाहिजे एवढंच.”

“बुधवारच का? तपासनीस गुरुवारी दुपारी येणार ना?”

“बुधवारी महिना संपतो.” एवढं बोलून दादांनी हातातला खिळा खणात परत टाकला. मग म्हणाले, “म्हणजे कचेरीचं काम, वेळेत झालेलं बरं.”

“पोलिसांत खबर दिलीत?”

“कशाला ते लचांड मागे लावून घ्यायचं!”

टेबलावर परिषदेची नोटीस पडली होती. तपासनीस येणार म्हणून पाटी दिसेल त्या प्रत्येक दारात टाकलेली, ताईंनाही आलेली तीच. विमाबाईंनी ती सहज उचलून वाचली. तपासणीची तारीख वर होती. खाली बारीक अक्षरांत एक टीप होती: कायदा झाला तेव्हा ज्यांची नोंदणी राहून गेली त्यांना एक शेवटची संधी, महिनाअखेरपर्यंत दंडासह नवा अर्ज करावा, मूळ पदविका जोडावी.

त्यांनी ती मास्तरांनाही वाचायला दिली. मास्तरांनी वाचली, घडी घालून ठेवली आणि विचारलं, “छपाई फार बारीक आहे, नाही?”

---

रविवारी सकाळी सगळे ताईंच्या खोलीत जमले. विमाबाईंनी तसा निरोपच धाडला होता. घरमालक रुग्णांच्या बाकावर, इस्पितळवाले दांड्यांना टेकून, काकू पातेल्यापाशी, दादा खिडकीत. ताई मध्यभागी उभ्या. गवंड्याला तेवढी सुट्टी दिली होती.

“मी एकेकाला मोकळं करत जाणार आहे,” विमाबाई म्हणाल्या. “ज्याचं झालं त्यानं घरी जावं. मागे वळून विचारू नये.”

त्या आधी इस्पितळवाल्यांकडे वळल्या. “काचेच्या आतल्या बाजूला ओल्या मेणाच्या हातांचे ठसे आहेत. तुमचे हात कोरडे होते. आणि काकू पिशव्या घेऊन येईपर्यंत खिळे उपसून, कागद बदलून, पुन्हा ठोकणं जमणार नाही. तुम्ही सुटलात. हाडजोड्याही याच हिशेबानं सुटला. तो तर या दारातच आला नव्हता.”

मास्तरांनी खेदाने मान हलवली. इस्पितळवाले जाताना ताईंना म्हणाले, “काही लागलं तर सांगा,” आणि गेले.

“घरमालक, तुमचे हात मेणाचे होते. जागाही हवी आहे. पण ज्याला शर्टाचं बटण लागत नाही त्यानं ते बारीक खिळे सरळ उपसून पुन्हा सरळ ठोकले, हे मी कसं मानू?”

“मी सांगतच होतो,” घरमालक उठले. “काकू, बटण...”

“लावलंय. निघा आता.”

मग विमाबाई काकूंकडे पाहून हसल्या. “तुमचेही हात मेणाचे. खोली तुमच्या ताब्यात. पण तुम्हाला काचेवर बोट उमटलेलं खपत नाही. चौकट तुम्ही उघडली असती तर बंद करण्याआधी काच आतूनही पुसली असती. सवयीनं. तेवढं भान तुम्हाला चोरी करतानाही राहिलं असतं.”

काकूंना ही स्तुती की आणखी काही ते कळेना. “मी चहा टाकते,” म्हणून त्या मागे गेल्या आणि दार ओढून घेतलं.

खोलीत आता चौघंच उरले. ताईंनी हळूच भावाकडे पाहिलं. दादा खिडकीबाहेर बघत होते.

“नाही,” ताई म्हणाल्या. “बाई, तुमचं चुकतंय. दादा कशाला चोरेल? तोच तर दुसरी प्रत आणायला धडपडतोय.”

“तेच मलाही कळत नव्हतं. चोरणाराही तोच आणि धावपळ करणाराही तोच. मग मी विचार केला, ते आणायला निघालेत ती दुसरी प्रत आहे का? हरवलेल्या कागदाची प्रत हवी तर पहिली गोष्ट विचारतात ती त्याचा क्रमांक. तुमच्या दादांनी तो विचारला नाही. मागितली ती पदविका. प्रतीला पदविका लागत नाही. इस्पितळवाल्यांनी स्वतः हे केलंय. पदविका लागते नव्या नोंदणीला.”

“नव्या? पण माझी तर...”

“तुमच्या नोंदणीपत्रावर एकही पट्टी नव्हती, ताई. काकू म्हणाल्या, कोरं करकरीत. बारा वर्षांत दोनदा पट्टी यायला हवी होती. परिषद सगळ्यांना आठवण पाठवते. तुम्हाला पाठवली नाही, कारण परिषदेला तुम्ही ठाऊकच नाही.”

मास्तरांच्या हातातली पेन्सिल खाली पडली. उचलायला कुणी वाकलं नाही.

“नोटिशीखाली टीप आहे,” विमाबाई शांतपणे पुढे म्हणाल्या. “ज्यांची राहून गेली त्यांना महिनाअखेरपर्यंत नाव नोंदवता येईल. म्हणून बुधवार. म्हणून पोलिसांत खबर नको. भिंतीवर नोंदणीपत्र असताना तुम्ही नव्या अर्जावर सही कशाला केली असती? आणि तपासनिसानं तो क्रमांक दप्तरात ताडून पाहिला असता तर खोटेपणा तिथल्या तिथे उघडा पडला असता. म्हणून जुनं जायला हवं होतं. दादांनी तुमची नोंदणी चोरली नाही. खोटी काढून तिच्या जागी खरी लावत होते. तुम्हाला कळू न देता.”

दादांनी कोटाच्या आतल्या खिशातून घडी न पडू दिलेला, दोन पुठ्ठ्यांत धरलेला कागद काढला आणि बाकावर ठेवला.

“जाळायला हवा होता,” ते म्हणाले. “हात झाला नाही. आयुष्यात याहून चांगलं काही छापलं नाही मी. एकाच प्रतीची आवृत्ती.”

“दादा,” ताई म्हणाल्या.

“आई आजारी होती, आठवतं? तू दिवसभर रुग्ण आणि रात्रभर तिच्या उशाशी. पाकीट माझ्याकडे दिलंस, म्हणालीस, दादा, एवढं टाक. छापखान्यात कामाचा डोंगर पडला होता. पाकीट कागदाच्या गठ्ठ्याखाली गेलं. सापडलं तेव्हा मुदत टळून गेली होती. मुदतीनंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागत होती. आणि तू रोज विचारायचीस, दादा, आलं का? आईसुद्धा विचारायची. एक दिवस म्हटलं, आलं.”

“आईनं ते उशाशी ठेवून घेतलं होतं,” ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज सपाट होता. “बारा वर्षं, दादा. बारा वर्षं मी रुग्णांना त्या भिंतीकडे बोट दाखवून सांगत होते, असं पत्र असेल त्याच्याकडेच जा. त्या माणसाचं दुकान बंद करायला लावलं मी.”

“तुझे हात खोटे नव्हते धाकटे. नुसता कागद...”

“कागदच दाखवून मी त्याला उठवलं होतं!”

दादा खाली बसले. मग त्यांनी भरलेला अर्ज पुढे सरकवला. “तू सही कर. सगळं मिटेल. मी सगळं लिहिलंय.”

ताईंनी अर्ज उचलला आणि वाचायला लागल्या. बारा वर्षांत कचेरीचा कागद त्या पहिल्यांदाच स्वतः वाचत होत्या. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. “यापूर्वी नोंदणीशिवाय स्वतंत्र व्यवसाय केला आहे काय? इथे ‘नाही’ लिहिलंयस.”

“मधली वर्षं घरीच होते असं म्हणायचं. होय लिहिलंस तर आजपासून दार बंद. चौकशी बसेल. या वयात परीक्षेला बसवतील. आणि तो गवंडी? त्याचं काय करशील?”

हा घाव वर्मी लागला. ताई दांड्यांकडे बघत राहिल्या. मग विमाबाईंकडे वळल्या. “तुम्ही काय कराल?”

“मला चोर शोधायला सांगितलं होतंत. तो शोधला. पुढचं मी सांगणं बरं नव्हे.”

मास्तरांना वाटलं, बायकोनं निदान एक शब्द तरी बोलावा. पण ती गप्पच राहिली, आणि मग त्यांना कळलं की तिनं गप्प राहणं हेच त्या घडीला योग्य होतं.

ताईंनी टेबलावरचं पेन घेतलं. ‘नाही’वर आडवी रेघ मारली. वर लिहिलं: होय. बारा वर्षे. मला माहीत नव्हते. मग थोडं थांबून ‘मला माहीत नव्हते’ हेही खोडलं.

“हे का खोडताय?” मास्तरांच्या तोंडून निघून गेलं.

“ते विचारलेलं नाही त्यांनी,” ताई म्हणाल्या आणि सही केली. “दादा, तू जाऊ नकोस. उद्या हे मीच नेऊन देणार.”

काकू चहा घेऊन आल्या तेव्हा ताई एका पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहीत होत्या: नोंदणी नसल्यामुळे बंद आहे. अक्षर बिघडू नये म्हणून मास्तरांनी त्यांना पट्टी धरून दिली.

---

गुरुवारी तपासनीस आला तेव्हा त्याला सील लावायला काही उरलंच नव्हतं. त्याने दारावरचा पुठ्ठा दोनदा वाचला आणि आपल्या साहेबाला काय कळवावं या विचारात पडून परत गेला.

परिषदेने ताईंची सुनावणी घेतली, दंड केला आणि परीक्षेला बसायला सांगितलं. आपल्या मुलांच्या वयाच्या मुलामुलींबरोबर त्या बसल्या. तोंडी परीक्षेत परीक्षक त्यांना “बाई, तुम्ही बसा ना,” म्हणाला, तर म्हणाल्या, “उभीच राहते. विचारा.” वर्ष सरता सरता त्यांना नोंदणीपत्र मिळालं. काठ सोनेरी नव्हता. तेव्हा परिषदेने खर्च कमी केला होता.

मधल्या काळात त्यांचे सगळे रुग्ण इस्पितळवाल्यांनी आपली पाळी संपल्यावर तपासले. गवंडी तिथेच काठीवर आला आणि पुढे काठीही सुटली. शिव्या सुटल्या नाहीत. इस्पितळवाल्यांनी नंतर त्याच गल्लीत स्वतःचं केंद्र काढलं. ताई आणि ते एकमेकांकडे रुग्ण पाठवत आणि एकमेकांचे व्यायाम चुकीचे आहेत असंही सांगत.

घरमालकांनी त्या वर्षात जागा दुसऱ्याला दिली नाही. मुलगा आलाच नाही, असं ते म्हणत. काकू म्हणत, आला होता, यांनीच त्याला वरची खोली दिली. काकूंनी वर्षभर इस्पितळाच्या कपडेधुलाईत काम केलं आणि ताईंचं दार उघडलं त्या सकाळी फडकं घेऊन हजर झाल्या.

हाडजोड्याकडे ताई स्वतः गेल्या. तो चाक फिरवत म्हणाला, “म्हणजे आपण दोघं एकाच दुकानातले निघालो की!” ताई म्हणाल्या, “तुम्ही त्या पोराचा हात वाकडा बसवला होता. ते मी मागे घेणार नाही. पण बोट दाखवायचा हक्क मला नव्हता. तेवढ्याची माफी मागायला आलेय.” त्याने त्यांना बसायला खोकं दिलं. दुकान मात्र त्याने पुन्हा काढलं नाही.

दादांवर खटला झाला. वय आणि कबुली पाहून न्यायाधीशांनी सौम्य शिक्षा दिली. छापखाना त्यांनी आपणहून बंद केला. ताई त्यांच्याशी बराच काळ बोलल्या नाहीत. बोलायला लागल्या तेव्हा जणू कालच थांबलं होतं अशा बोलल्या, आणि त्या प्रसंगाचा उल्लेख मरेपर्यंत दोघांनीही केला नाही.

मास्तर त्यानंतर काही वर्षांनी गेले. विमाबाईंनी पाटी उतरवली नाही, पण नवीन काम घेणं बंद केलं. एकटीने चौकशीला जायची सवय नाही, म्हणत.

ताई सत्तरीपर्यंत काम करत राहिल्या. हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दार बंद केलं, आणि दुसऱ्या दिवशी लांबचा प्रवास करून परिषदेच्या कचेरीत गेल्या. खिडकीवरच्या तरुणाला म्हणाल्या, “माझं नाव नोंदवहीतून काढायचंय.”

तो म्हणाला, “आजी, त्यासाठी कुणी येत नाही. पुढची पट्टी मागवली नाही की नाव आपोआप निघतं. तुम्ही एवढ्या लांबून कशाला आलात?”

“आपोआप नको,” ताई म्हणाल्या. “कुठे सही करू, ते सांगा.”